रानाचे राखणदार

वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथे, भद्रावतीस आणि खुद्द चंद्रपूर शहरात जुनी दगडी देवळे उभी आहेत. त्यांचा इतिहास शिल्पांतून व शिलालेखांतून सांगितला जातो. परंतु झाडीपट्टीतील खेड्यापाड्यांची देवळे बहुधा लाकडामातीचीच असत. सागाचे खांब, ऐनाच्या तुळया, बांबूचे ताटवे आणि वर कवेलू. देऊळ बांधण्याचे ठरले म्हणजे गावकरी बैलगाड्या जुंपून रानात जात, झाडापुढे नारळ फोडीत आणि मगच कुऱ्हाड लावीत. चांद्याच्या सागवानाची कीर्ती तर दूरवर पोहोचलेली आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली लाकूड गेले ते याच मुलखातून, बल्लारपूरहून.

ज्या रानाने देवाला छप्पर दिले, त्या रानाचा इतिहास मंदिराच्या स्मरणिकेत यावा हे उचितच आहे. या इतिहासाच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. रान राखायचे कोणी? राजाने, सरकारने, की रानाच्या कडेला राहणाऱ्या गावाने? गेल्या दीडशे वर्षांत चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली गेली. काही उत्तरांनी रान राखले पण माणसे दुखावली, काहींनी दोन्ही गमावले, आणि एकदोन ठिकाणी दोन्ही राखली गेली. त्याची ही हकीकत आहे.

देवाचे रान

गोंड आणि माडिया समाजात रान राखण्याचे नियम फार जुने आहेत. ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. देवधर्माच्या रूपाने ते पाळले जात. गोंडांची कुळे देवांच्या संख्येवरून ओळखली जातात. कोणी चार देवे, कोणी पाच देवे, कोणी सहा, कोणी सात. प्रत्येक कुळाचे एखादे झाड, पशू वा पक्षी पूज्य असतो आणि त्या कुळाचा माणूस त्याला इजा करीत नाही. एका गावात अनेक कुळे नांदत असल्याने आपोआपच रानातील कितीतरी झाडांना व जीवांना कोणीतरी पाठीराखा मिळे.

दुसरा नियम पंडुमाचा. आंबा झाडावर लागला म्हणून कोणी लगेच तोडीत नसे. मोहफूल पडले म्हणून लगेच वेचीत नसे. आधी गावाच्या देवाला नव्या फळाचा, नव्या फुलाचा नैवेद्य दाखवायचा, पेरम्याने वा भूमियाने पूजा करायची, आणि मगच गावाने खायचे. कोवळे फळ झाडावरच पक्व व्हावे, बी तयार व्हावे आणि सर्वांना एकदमच वाटा मिळावा, हा व्यवहार त्या पूजेत गुंफलेला होता. याशिवाय देवाच्या ठाण्याभोवतीचे रान तोडायचे नाही, ही रीत तर महाराष्ट्रात सह्याद्रीच्या देवरायांपासून भामरागडच्या डोंगरापर्यंत सर्वत्र आढळते.

ताडोबाच्या तळ्याची दंतकथा या दृष्टीने मननीय आहे. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंज देताना मरण पावला आणि लोकांनी त्याला देव मानले, ही कथा सर्वश्रुत आहे. तळ्याच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौष महिन्यात तेथे गोंड भाविक जमत असत. तारूदेवाचे ताडोबा झाले आणि पुढे तेच नाव राष्ट्रीय उद्यानाला मिळाले.

या तळ्याची आणखी एक कथा जुन्या गॅझेटियरमध्येही नोंदलेली आहे. पूर्वी म्हणे यात्रेकरूंनी काठावर उभे राहून मागणे केले की स्वयंपाकाची भांडी पाण्यातून वर येत. स्वयंपाक आटोपला की ती घासूनपुसून पुन्हा पाण्यात सोडायची. एकदा एका लोभी माणसाला मोह झाला. त्याने भांडी परत न करता घरी नेली. ती भांडी नाहीशी झाली आणि त्या दिवसापासून तळ्याने कोणालाच काही दिले नाही. रानाशी कसे वागावे याचा सारा धर्म या लहानशा कथेत आला आहे. घ्यावे, वापरावे, परत करावे, आणि एकाच्या लोभाने सर्वांचे बुडते हे विसरू नये.

राजे, जमीनदार आणि सरकार

चांद्याच्या गोंड राजांचा काळ हा तळ्यांचा काळ म्हणून ओळखला जातो. जो रान साफ करून गाव वसवील त्याला गाव, आणि जो तळे बांधील त्याला त्या तळ्याखाली भिजणारी जमीन, अशी सवलत हिरशहा राजाने दिल्याचे परंपरेने सांगितले जाते. अशा जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरातील तुकूम ही वस्ती आणि आजूबाजूच्या गावांची तशीच नावे त्या धोरणाची आठवण देतात. राजाने काम गावाकडे सोपविले आणि कामाचे फळही गावाकडेच राहू दिले. म्हणूनच ती तळी टिकली. पुढे मालगुजारांच्या काळात बांधलेली तळी आणि बोड्याही अशाच रीतीने गावे सांभाळीत आली.

इंग्रजी अंमल आल्यावर चित्र बदलले. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. १८५७-५८ मध्ये बाबूराव शेडमाके यांनी या रानातून इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्यात फाशी देण्यात आली. त्यानंतर काही वर्षांतच रानावर सरकारी मालकी सांगणारे कायदे आले. १८६५ चा पहिला वनकायदा, १८७८ चा अधिक कडक कायदा आणि शेवटी १९२७ चा भारतीय वन अधिनियम. रेल्वेला स्लीपर हवे होते, बंदरांना व छावण्यांना इमारती लाकूड हवे होते. त्यामुळे आलापल्ली आणि सिरोंचाकडील सागाची गणती झाली, नकाशे झाले, कूप पडले. ज्या रानात काल गाव मोकळेपणाने जात होते, तेथे आज नाकेदाराची परवानगी लागू लागली.

तरीही जमीनदारी मुलखात निस्ताराची वहिवाट चालू होती. निस्तार म्हणजे गावाच्या गरजा. घराला बल्ली, नांगराला लाकूड, चुलीला सरपण, ढोरांना चराई, कुंपणाला काटी. अहेरीसारख्या मोठ्या जमीनदारीत जमीनदाराला काही द्यावे लागे, वेळप्रसंगी बेगारही करावी लागे. पण रानात जाण्याचा गावाचा हक्क कोणी सहसा नाकारीत नसे.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने मध्यप्रांतातील मालगुजारी व जमीनदारी नाहीशी झाली. जमीनदाराच्या जाचातून रयत सुटली ही मोठीच गोष्ट घडली. परंतु जमीनदाराची राने सरकारजमा झाली आणि गावाचे निस्तार हक्क निस्तारपत्रक नावाच्या कागदात नोंदले गेले. कागद तहसिलीत राहिला. गावात किती जणांना तो ठाऊक होता? पुढच्या पिढीला तर एवढेच कळले की रान सरकारचे आहे आणि आपण त्यात चोर आहोत. त्याच वेळी बल्लारपूरच्या कागद कारखान्याला या रानांतील बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी मिळू लागला. गावातल्या बुरडाने दोन बांबू आणले तर दंड आणि ट्रकामागून ट्रक भरून बांबू बाहेर गेला तर ते नियमाप्रमाणे, हे दृश्य लोकांनी वर्षानुवर्षे पाहिले. ज्या वस्तूवर आपला हक्क नाही ती राखावी तरी कशाला, असा विचार मनात शिरला तर त्यात नवल नाही. आग लागली तर विझवायला गाव धावून जाईनासे झाले. रानाचे खरे नुकसान कुऱ्हाडीने जेवढे केले, तेवढेच या तुटलेपणाने केले.

ताडोबाचे उद्यान

रान आणि वन्य प्राणी वाचवण्यासाठी सरकारने निवडलेला एक मार्ग म्हणजे राखीव उद्यान. १८७२ साली अमेरिकेत यलोस्टोन हे उद्यान झाले आणि माणसांची वस्ती नसलेले रान म्हणजेच सुरक्षित रान, ही कल्पना जगभर पसरली. ताडोबाच्या रानात १९३५ साली शिकारीला बंदी झाली. १९५५ साली ताडोबाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्या वेळी चांदा जिल्हा जुन्या मध्यप्रदेशात होता. पुढे १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्यामुळे ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान ठरले. १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य जाहीर झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा व्याघ्रप्रकल्प झाला.

वाघाच्या दृष्टीने हे काम मोलाचे झाले, यात शंका नाही. शिकारीचा सुळसुळाट थांबला, पाणवठे राखले गेले, आणि आज या जिल्ह्याची ओळखच वाघांचा जिल्हा अशी झाली आहे. परंतु उद्यानाची सीमा आखली तेव्हा तिच्या आत गावे होती. कोळसा, बोटेझरी, नवेगाव, जामणी, रानतळोधी ही त्यांतील काही. तेथील लोकांचा मोह, तेंदू, डिंक, चराई, सारे नियमांच्या कचाट्यात सापडले. तारूदेवाच्या यात्रेलाही पूर्वीचा मोकळेपणा उरला नाही. ज्या देवाच्या नावाने उद्यान ओळखले जाते, त्याच्या दर्शनाला भक्तांनी परवानगी मागावी असा प्रसंग आला.

यथाकाल पुनर्वसन सुरू झाले. २००७ साली बोटेझरी गाव बाहेर हलले, कोळशातील काही घरेही गेली. २००८ नंतर कुटुंबाला दहा लाख रुपये किंवा जमीन-घर असे पर्याय ठरले आणि पुढील काही वर्षांत नवेगाव व जामणी ही गावेही उठली. ज्यांना शाळा, दवाखाना, वीज व रस्ता हवा होता, त्यांपैकी काहींनी हे मनापासून स्वीकारले. काहींना मात्र देवाचे ठाणे आणि पूर्वजांची दगडे मागे सोडताना अश्रू आवरले नाहीत. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. २००६ साली वन्यजीव कायद्यात झालेली दुरुस्ती आणि त्याच साली संमत झालेला वनहक्क कायदा, या दोन्हींनी असे ठरवून दिले आहे की, गाव हलवायचे तर आधी ग्रामसभेची समजूनउमजून दिलेली संमती हवी. गावाला विचारल्याशिवाय रेघ ओढण्याचे दिवस निदान कायद्यापुरते तरी संपले.

मावा नाटे मावा राज

दुसऱ्या उत्तराचा शोध गडचिरोलीच्या रानात लागला. १९८० च्या सुमारास गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपटनम येथे मोठी धरणे बांधण्याची योजना पुढे आली. त्यात शेकडो चौरस किलोमीटर रान आणि कितीतरी आदिवासी गावे पाण्याखाली जाणार होती. याविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हे आंदोलन उभे राहिले. मानपूरचे आदिवासी नेते लाल श्याम शहा आणि आनंदवनचे बाबा आमटे त्यात अग्रभागी होते. लोकांच्या विरोधामुळे धरणांचे काम पुढे सरकले नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच जन्मला होता.

या आंदोलनातून धानोरा तालुक्यातील मेंढा या सुमारे पाचशे वस्तीच्या गोंड गावाने एक धडा घेतला. लेखा हे शेजारचे गाव. म्हणून हे गाव मेंढा-लेखा या नावाने प्रसिद्ध झाले. धरणाला नको म्हणणे सोपे. पण रान आपले म्हणायचे तर ते सांभाळून दाखविले पाहिजे, असे गावाला वाटू लागले. गावचे देवाजी तोफा आणि वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावकऱ्यांबरोबर अभ्यासगट सुरू केला. संध्याकाळी माणसे जमत आणि कायदा काय म्हणतो, निस्तार म्हणजे काय, रानात काय उरले आहे, यावर बोलत. ज्यांना अक्षर येत नव्हते तेही बोलत. निर्णय मात्र ग्रामसभेत, आणि तो सर्वसहमतीने. बहुमताने हात वर करून एकाला हरवायचे नाही. ज्याला पटले नाही त्याला समजावून घ्यायचे, किंवा निर्णय पुढे ढकलायचा. वेळ लागतो, पण एकदा ठरले की मोडायला कोणी पुढे येत नाही.

गोटुलाचा प्रसंग या वाटचालीत महत्त्वाचा ठरला. गोटूल ही गोंडांची तरुणांची शाळा आणि गावाचे सभास्थान. मेंढ्याने रानातील लाकडाने आपले गोटूल पुन्हा बांधले. वनखात्याने हरकत घेतली आणि बांधलेले गोटूल उतरवले गेले. गावाने हाणामारी केली नाही. आजूबाजूच्या गावांना बोलावून सारी हकीकत सांगितली. तेव्हा इतर गावांनीही आपापल्या ठिकाणी गोटूल बांधण्याचे ठरवले. एका गावाचा गुन्हा नोंदता येतो. साऱ्या टापूचा कसा नोंदणार? गोटुले उभी राहिली. गोंडीत घोषणा दुमदुमली, ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, हे तिचे मराठी रूप पुढे महाराष्ट्रभर गेले.

पण या राज्याचा खरा कस लागला तो स्वतःवर घातलेल्या बंधनांत. रानाला आग लावायची नाही. रानात अतिक्रमण करायचे नाही. घराला लागेल तेवढेच लाकूड, तेही ग्रामसभेला विचारून. बाहेरच्याने गावाची परवानगी घेतल्याशिवाय रानातून काही न्यायचे नाही. मध काढताना पोळे जाळायचे नाही, माशा मारायच्या नाहीत. आळीपाळीने रानाची गस्त घालायची. माती वाहून जाऊ नये म्हणून नाल्यांवर दगडी बांध घालायचे. दारूबंदीचा निर्णयही याच काळातला, आणि त्यात स्त्रियांचा पुढाकार होता. कारखान्यासाठी होणाऱ्या बांबूच्या तोडीला गावाने विरोध केला आणि ती थांबवली.

सरकारी पातळीवरही वारे बदलत होते. पश्चिम बंगालमध्ये मिदनापूर जिल्ह्यातील अराबारी येथे १९७२ पासून वनाधिकारी अजितकुमार बॅनर्जी यांनी गावकऱ्यांना उत्पन्नात वाटा देऊन उजाड सालवन पुन्हा उभे केले होते. त्या अनुभवावरून १९९० साली केंद्राने संयुक्त वनव्यवस्थापनाचे धोरण जाहीर केले आणि १९९२ च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने तसा ठराव केला. ही योजना मुख्यतः उजाड रानांसाठी होती. मेंढ्याचे रान तर दाट होते. तरीही गावाने आग्रह धरला आणि योजनेत स्थान मिळवले. उजाड झाल्यावरच गावाच्या हवाली करायचे असेल, तर दाट रान राखणाऱ्याला शिक्षा केल्यासारखेच नाही काय? मेंढ्याने हा प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर मिळवले.

हक्काचा कागद

२००६ चा वनहक्क कायदा ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला. पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगणाऱ्या लोकांवर अन्याय झाला, ही गोष्ट या कायद्याने प्रस्तावनेतच मान्य केली आहे. त्यानुसार २००९ साली मेंढा आणि मर्दा या गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. देशातील ही पहिलीच गावे होत. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १,८०९ हेक्टर रान आले. योगायोगाची गोष्ट अशी की, त्याच वर्षी अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींना मिळाले. सामाईक गायरान, पाणी वा जंगल लोक स्वतः नियम करून टिकवू शकतात, हे त्यांनी जगभरच्या उदाहरणांनी दाखवून दिले होते. मेंढ्याच्या गोटुलात बसणाऱ्यांना हे नव्याने सांगण्याची गरज नव्हती.

कागद मिळाला तरी बांबूचा प्रश्न सुटला नव्हता. वनखात्याच्या हिशेबी बांबू हे झाड, आणि झाड म्हटले की वाहतुकीचा परवाना खात्याचा. वास्तविक बांबू हे गवताच्या कुळातले आणि वनहक्क कायद्यात तो गौण वनोपज म्हणून स्पष्ट नोंदलेला आहे. गावाने हा मुद्दा सोडला नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. आपल्या रानाचा बांबू गावाने स्वतः विकला आणि पैसा ग्रामसभेच्या खात्यात आला. २०१३ मध्ये गावाने ग्रामदानाचा ठराव करून आपल्या शेतजमिनींची मालकीही गावाकडे सोपवण्याचा निर्णय घेतला.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. २०१२ साली या लहान गावाला सुमारे हजार हेक्टर रानाचा सामूहिक हक्क मिळाला. पाचगावने सर्वांनी मिळून नियम केले आणि त्यांतील दोन फार बोलके आहेत. पहिला असा की, सुमारे चौतीस हेक्टर रान देवराईसारखे अजिबात न तोडता राखायचे. दुसरा असा की, तेंदूपत्ता तोडायचाच नाही. तेंदूपत्ता म्हणजे उन्हाळ्यातला हमखास रोख पैसा. तो सोडणे सोपे नव्हते. परंतु चांगली पाने फुटावीत म्हणून झाडे छाटली जातात, रानात आग लावली जाते आणि टेंभुर्णीची फळे पाखरांना व माणसांना मिळत नाहीत, हे गावाने पाहिले होते. त्यापेक्षा बांबूवर भर द्यावा, असे ठरले. कोवळे कोंब सोडून पक्व बांबू तेवढा काढला तर बेट दरवर्षी देते. पंडुमाचा जुना नियम आणि पाचगावचा नवा ठराव यांच्यात अंतर ते केवढे?

कसोटी संपलेली नाही

हे सर्व वाचून मार्ग निष्कंटक झाला असे कोणी समजू नये. गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्काचे कागद मिळाले आहेत. परंतु कागद मिळणे आणि मेंढ्यासारखी ग्रामसभा नांदणे यांत अंतर आहे. कोठे हिशेब चोख नसतो, कोठे ठेकेदारच ग्रामसभेच्या नावाने कारभार करतो, कोठे चार माणसे ठरवतात आणि बाकीचे अंगठा देतात. जेथे अभ्यासगट नाही तेथे हक्कही हळूहळू दुसऱ्याच्या हाती जातो.

वाघाचा प्रश्न तर अधिक बिकट आहे. २०१० साली ताडोबाभोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र जाहीर झाले आणि त्यात ७९ गावे आली. वाघ वाढले, ते उद्यानाबाहेर ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावलीच्या रानांत पसरले. चैत्र-वैशाखात पहाटे मोह वेचायला वाकलेली बाई आणि दबा धरून बसलेला वाघ यांची गाठ पडते, आणि घर उघडे पडते. वाघाने माणूस मारला त्या जागी दगड मांडून वाघदेव पूजण्याची रीत या भागात जुनी आहे. पण पूजा ही सांत्वनासाठी. जीव वाचवण्यासाठी व्यवस्था लागते. गावच्या तरुणांची प्राथमिक कृती दले, २०१५ च्या जन-वन विकास योजनेतून मिळालेला गॅस व कुंपण, आगरझरी, देवाडा, जुनोना अशा गावांतून चालणारे पर्यटन आणि तेथील वाटाडे व वाहनचालक यांना मिळणारा रोजगार, हे त्या दिशेने टाकलेले पाऊल आहे. पर्यटकाचा पैसा जेथे गावात थांबतो तेथे वाघ शेजारी वाटतो. जेथे तो बाहेर निघून जातो आणि गावाच्या वाट्याला फक्त भय येते, तेथे वाघ सरकारचा होतो. ताडोबा आणि मेंढा या दोन वाटा जेथे एकत्र येतील, तेथेच या प्रश्नाचे उत्तर आहे.

आणि डोंगराच्या पोटातील लोखंड. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या पहाडावर ठाकूरदेवाचे ठाणे आहे आणि तेथेच लोहखनिजही आहे. एकीकडे रोजगार, रस्ते, कारखाना; दुसरीकडे देव, रान, पाणी. ओडिशातील नियमगिरीच्या डोंगरावर असाच प्रश्न उभा राहिला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ग्रामसभांचे मत घ्यायला सांगितले आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. सुरजागडचा वाद वेगळ्या वळणाने गेला आणि खाण चालू झाली. दोन डोंगर, दोन निकाल. विचारले गेले की नाही, एवढाच काय तो फरक.

बोध

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. राखणीशिवाय हक्क टिकत नाही आणि हक्काशिवाय राखण होत नाही. नुसता हक्क मिळाला तर रान चार वर्षांत संपेल. नुसती राखण लादली तर राखणदाराचा चोर होतो. मेंढ्याने आणि पाचगावने दोन्ही एकाच हातात धरले. आधी स्वतःला नियम घातले, मग हक्क मागितला, आणि हक्क मिळाल्यावर नियम सैल केले नाहीत. त्यांच्याकडे ना मोठा निधी होता, ना मोठी विद्वत्ता. होती ती एकत्र बसण्याची सवय आणि एकालाही मागे न ठेवता निर्णय घेण्याची चिकाटी.

प्रत्येक गावाजवळ मेंढ्याएवढे रान नसेल. पण झुडपी जंगलाचा एखादा तुकडा, मालगुजारी तळे, गायरान, देवाच्या नावाने राखलेली चार झाडे, एवढे तर बहुतेक गावांत आहेच. तहसिलीतून आपल्या गावाचे निस्तारपत्रक काढून पाहावे, त्यात पूर्वजांनी काय नोंदवले आहे ते ग्रामसभेत मोठ्याने वाचावे, सामूहिक हक्काचा दावा केला नसेल तर तो करावा, आणि दाव्याबरोबरच राखणीचे नियमही लिहावेत.

जीर्णोद्धारासाठी गाव एकत्र येते, घरटी वर्गणी निघते, कोणी श्रम देतो, कोणी धान्य देतो, हिशेब सर्वांसमोर वाचला जातो. गावाला सामाईक वस्तू सांभाळता येते याचा याहून मोठा पुरावा कोणता? कळस चढला तरी दिवाबत्ती रोजच करावी लागते, आणि रानाची गस्तही तशीच रोजची आहे.